तापाची वंशवेल

पद्माक्का मगदूमनं सांगलीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. भूमध्य समुद्र तिला पुस्तक न उघडता फळ्यावर काढता यायचा. खडू एकदा टेकला की इटलीचा बूट, ग्रीसची फाटलेली बोटं, खाली आफ्रिकेचा सपाट किनारा, सगळं एका दमात उतरायचं. पण प्रत्यक्षात रत्नागिरीपलीकडचा समुद्र काही तिनं पाहिला नव्हता. नोकरी संपली, मग नवरा गेला. एका दुपारी भिशीत मैत्रिणींनी भूमध्य समुद्रातल्या जहाज-सहलीचा विषय काढला, तेव्हा तिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"अक्का, या वयात?" धाकटा भाऊ धन्यकुमार म्हणाला.

"मग काय पुढच्या जन्मी जाऊ?"

सहल कंपनीनं निघण्याआधी प्रवाशांना एका हॉलमध्ये बोलावलं. चहा झाला, सामोसे झाले, मग एक तरुण डॉक्टरीण उभी राहिली आणि फेरी तापाबद्दल बोलायला लागली. हा ताप पहिल्यांदा सापडला तो तिकडच्या फेरीबोटींवर, म्हणून त्याचं नाव तसं पडलं होतं. धडधाकट माणसाला तो जेमतेम जाणवायचा. घसा खवखवायचा, एखाद दिवस कणकण यायची, संपलं. पण तान्ह्या बाळाला झाला तर तो थेट मेंदूपर्यंत जायचा. त्यावर लस होती आणि चांगली होती. फक्त नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना ती देता येत नसे. "त्यांची लस म्हणजे तुम्ही," ती मुलगी म्हणाली. "तुमच्यापाशी ताप थांबला, तर त्यांच्यापर्यंत पोचणार नाही."

लस सक्तीची नव्हती. सक्तीवरून मागे इतके मोर्चे निघाले होते, इतके खटले झाले होते, की बहुतेक देशांनी तो नाद सोडून दिला होता. ज्याला नको त्यानं तसं सांगावं, आणि येता-जाता विमानतळावर सगळ्यांनीच एका पट्टीवर श्वास सोडावा, एवढाच नियम उरला होता.

पद्माक्काचा नंबर आला. डॉक्टरणीनं कापूस ओला केला.

"काकू, बाही जरा वर घ्या."

"मला नको."

"कसली ॲलर्जी वगैरे आहे का?"

"काही नाही. नको, एवढंच."

मुलीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण मागे रांग होती.

त्या नकारामागे साठ वर्षांपूर्वीची एक दुपार होती. वारणाकाठचं गाव, धन्या दोन वर्षांचा, अंग तव्यासारखं तापलेलं. सायकलवरून फिरणारा डॉक्टर गावात आला होता. आई म्हणाली, "पद्मा, पाय धर गं त्याचे, हलवतोय." पद्मानं दोन्ही हातांनी भावाचे पाय घट्ट धरले. डॉक्टरनं कमरेत सुई टोचली. धन्या किंचाळला. तीन-चार दिवसांनी ताप उतरला, पण पोर उभं केलं की उजव्या अंगावर कोसळायचं. तो पाय पुढं कायमचा काटकीसारखा राहिला. 'सुईनं पाय गेला' असं आई म्हणायची, आजी म्हणायची, पाहुणा आला की त्यालाही सांगायची. पद्माक्का शिकली, बी.एड. झाली, पोरींना वाऱ्यांचे आणि ऋतूंचे नियम शिकवले, पण तिच्या तळव्यांना त्या दुपारचा पाय विसरता आला नाही. गरम, लाथा झाडणारा, जिवंत पाय. करोनाच्या वेळी गल्लीत लसीचा मंडप पडला, तेव्हा ती मागच्या दारानं निघून चुलत जावेकडे दिवसभर बसली होती.

समुद्र मात्र तिनं डोळे भरून पाहिला. फळ्यावर कधी दाखवता न आलेला त्याचा रंग पाहिला. क्रीट बेटाच्या धक्क्यावर उभी राहून तिनं बरोबरच्या बायकांना वारे कुठून येतात आणि पाऊस हिवाळ्यातच का पडतो ते सांगितलं, आणि सगळ्या जणी शाळेत बसल्यासारख्या ऐकत राहिल्या. असं सुख तिला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

परतताना मुंबईच्या विमानतळावर तिनं पट्टीवर श्वास सोडला. हिरवा दिवा लागला. ती पट्टी फक्त एवढंच सांगायची, की या घडीला श्वासात विषाणू भरपूर आहे की नाही. शरीरात नुकताच शिरलेला, अजून वाढायला न लागलेला विषाणू तिच्या नजरेतून सुटायचा. पट्ट्या पुढं थंड पेट्यांत जमा व्हायच्या आणि काही महिने जपून ठेवल्या जायच्या. कशासाठी, हे विचारण्याइतका कुठल्या प्रवाशाला वेळ असतो?

सांगलीत पोचल्यावर एक-दोन दिवसांत तिचा घसा धरला. जहाजावरचा एसी बाधला, असं म्हणून तिनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. तेवढ्यात धन्यकुमारचा फोन आला.

"अक्का, श्रेणिक नि प्राची आलेत पुण्याहून. अर्हालाही आणलंय. जेवायलाच ये."

श्रेणिक हा धन्यकुमारचा मुलगा, प्राची सून आणि अर्हा नात. सात महिन्यांची, समोरच्या दोन दातांची, कुणाकडेही झेप घेणारी. तिला पाहून पद्माक्काला तीन महिने झाले होते. घशाचं काय, मिठानं बरा होईल, असं म्हणत ती निघाली. जेवण झालं, गप्पा झाल्या, आणि सगळा वेळ पोर तिच्या मांडीवर होतं. ग्रीसहून आणलेली लाकडी होडी ते चोखत बसलं. चोखून झाली की पद्माक्काच्या तोंडात घालायचं, मग परत आपल्या.

"अक्का, तुमचा आवाज बसलाय," धन्यकुमारची बायको त्रिशला म्हणाली.

"एवढा युरोप सांगायचा म्हणजे बसणारच!"

सगळे हसले.

आठवड्याभरात अर्हाला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिची मान ताठ झाली. मिरजेच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत ठेवलं. प्राची काचेला कपाळ टेकून उभी असायची, आणि पद्माक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत शेजारी. एक घास खा गं बाई, दोन घोट पाणी तरी पी, असं म्हणत. पाचव्या दिवशी डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांच्या चालण्यावरूनच सगळ्यांना कळलं. लहान लेकरांना मातीत ठेवतात, तसं तिला नदीकाठी ठेवून आले. धन्यकुमार लंगडत सगळ्यांत पुढं चालत होता. बाळ त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

*

त्याच वर्षी 'वंशवेल' सुरू झाली होती.

साथीचा ताप कुणाकडून कुणाकडे गेला, हे माणसाला पूर्वी कधी नेमकं सांगता येत नसे. फार तर म्हणता यायचं, की अमुक गावात तमुक जहाजावरून आला. विषाणू शरीरात आपल्या लाखो नकला काढतो आणि घाईघाईनं काढतो, म्हणून त्यात चुका राहतात. कुणी एखादं अक्षर गाळतो, कुणी बदलतो. त्यामुळं प्रत्येक आजाऱ्याच्या अंगात एकाच विषाणूची नव्हे, तर किंचित वेगवेगळ्या भावंडांची अख्खी गर्दी असते. त्या गर्दीतले मोजके काही पुढच्या माणसात उडी घेतात आणि तिथं नव्या चुका करतात. आजोळ, माहेर, सासर अशा खुणा घेऊन माणसं हिंडतात, तसंच हे. पूर्वी यंत्रांना त्या गर्दीतले ठळक चेहरे तेवढे दिसायचे. नव्या यंत्राला एकूण एक चेहरा दिसायला लागला, तोही श्वासाच्या पट्टीवरच्या चार-दोन कणांवरून. मग कोण कुणापासून झाला हे मांडणं गणितासारखं सोपं झालं. ताप आलेल्या प्रत्येकाचा नमुना आणि प्रत्येक प्रवाशाची पट्टी मिळून एक वेल तयार व्हायची. तिच्यावर प्रत्येक माणूस म्हणजे एक पेर.

डॉक्टरांना साथ तोडायला त्याचा फार उपयोग झाला. पण माणसांचं काय करायचं, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला. शेवटी ठरलं असं, की वंशवेल केंद्र आपणहून कुणाला काही कळवणार नाही. गेलेल्याच्या घरच्यांनी विचारलं, तर ताप कुणाकडून आला ते नावासकट सांगायचं. आणि कुणीही आपल्या स्वतःच्या नमुन्याबद्दल विचारू शकेल, माझ्यापासून पुढं कुठं गेला का म्हणून. फारच थोडे लोक तसं विचारायचे.

श्रेणिकला विचारायचं होतं. "बाबा, मला नाव पाहिजे. मला त्या माणसाचं तोंड बघायचंय."

धन्यकुमार म्हणाला, "आणि बघून काय करणार? दारात जाऊन बसणार त्याच्या? ज्यानं आणला त्याला बापड्याला पत्ताही नसेल. त्याचंही घरदार असेल. मी त्याला क्षमा करून टाकली, बाळा. नाव कळलं तर मला ती पुन्हा करता यायची नाही."

प्राचीनं मान हलवली. तिलाही नाव नको होतं. श्रेणिक उठून बाहेर गेला, आणि विषय तिथंच मिटला.

पद्माक्का भिंतीला टेकून ऐकत होती. हातातला ताकाचा पेला तिनं न पिताच खाली ठेवला; जहाजावरून आल्यावर धरलेला घसा तिला आठवला होता.

*

डोळे दाखवायला जाते असं सांगून ती पुण्याला गेली. वंशवेल केंद्रात तिच्यासमोर डॉ. बागवान बसले. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. मूळ मिरजेचेच निघाले.

"मावशी, पुन्हा एकदा विचारतो. कळलं की मग ते न कळल्यासारखं करता येत नाही. नक्की सांगू?"

"सांगा."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला नाही. स्वतःच वाचलं. "विमानतळावरच्या पट्टीत तुमच्या श्वासात विषाणूचे अगदी मोजके कण होते. जहाजावरच्या एका प्रवाशाकडून आलेले. तुमच्यापासून पुढं एकाच माणसाकडे गेला. तिथं वेल संपते."

"संपते म्हणजे?"

"त्या व्यक्तीपासून पुढं कुणाला झाला नाही. नाव मला सांगता येत नाही. वय सात महिने. सांगली."

बाहेर कुणीतरी फोनवर मोठ्यानं हसत होतं. पद्माक्का आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

"कोण होतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्याच मांडीवर होती दिवसभर." मग एकदम, कुणी आरोप केल्यासारखी, ती सांगत सुटली. भावाचा पाय, सायकलवरचा डॉक्टर, सुई. "म्हणून नाही घेतली मी लस. मला काय हौस होती का?"

डॉ. बागवानांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं संपल्यावर विचारलं, "ते इंजेक्शन लसीचं होतं?"

"तापाचं असेल. ताप होता ना त्याला."

"मावशी, तो ताप पोलिओचाच होता. सुई टोचायच्या आधीच पोलिओचा विषाणू तुमच्या भावाच्या अंगात होता. अशा वेळी स्नायूत सुई टोचली, की त्या जखमेच्या वाटेनं तो मज्जातंतूत शिरायला सोपं जातं. तेव्हा हे खेड्यापाड्यांत पुष्कळ झालं. सुई वाईट नव्हती, चुकीच्या वेळी चुकीची सुई दिली गेली. पोलिओच्या लसीचे थेंब त्याला आधी मिळाले असते, तर ना तो ताप आला असता, ना पाय गेला असता." त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला. "तुम्ही पाय धरल्यामुळं काही झालं नाही. तुम्ही लहान होतात."

एवढ्या वर्षांत हे एक वाक्य ऐकायला मिळालं असतं, तर ती त्या डॉक्टरीणबाईपुढं बाही वर करून बसली असती का? बसली असती, असं तिला वाटलं. पण ते आता कळून उपयोग नव्हता.

"मी भावाला सांगू का?" तिनं विचारलं.

"त्यांनी विचारलंय?"

"तो म्हणतो, मला नाव नको."

"मग ते तुम्हीच ठरवायचं. मशीनला एवढंच कळतं, कुठून कुठं. पुढचं आम्हालाही कळत नाही."

परतीच्या बसमध्ये कऱ्हाडपर्यंत तिनं मनाशी शंभरदा ठरवलं, की घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं. सांगलीच्या स्टँडवर धन्यकुमार स्कूटर घेऊन उभा होता. "काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिची पिशवी पुढं लावली. तो वाळला होता. कॉलरमध्ये मान सैल झाली होती. पद्माक्काच्या मनात आलं, सांगितलं तर माझं ओझं उतरेल, पण ते उतरून जाणार कुठं? याच्याच डोक्यावर. तोही स्पष्ट म्हणालाय, मला नको.

"मोतीबिंदू आहे. पिकला नाही अजून," ती म्हणाली.

त्यानंतर ती जवळजवळ रोज त्यांच्याकडे जायला लागली. त्रिशलाला भाजी निवडून दे, धन्यकुमारच्या पायाला तेल लाव, दिवस असतानाच सगळ्यांबरोबर जेव आणि घरी ये. शेजारीपाजारी म्हणायचे, बहीण असावी तर अशी. ते ऐकलं की ती मान खाली घालून पाय उचलायची. अर्हाचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं. ती लाकडी होडी मात्र त्रिशलानं देवघरातल्या कपाटात ठेवली होती. अक्कानं आणलेली, पोरीची आवडती, म्हणून.

श्रेणिक आणि प्राची देशच सोडून गेले. कॅनडात हॅलिफॅक्स म्हणून समुद्राकाठचं शहर आहे, तिथं त्याला नोकरी लागली. अशी दोन वर्षं गेली.

*

प्राचीला पुन्हा दिवस गेल्याची बातमी आली तेव्हा त्रिशलानं पहिला फोन पद्माक्काला केला आणि नुसतीच रडली. बाळंतपणाला आई-बाबांनी यावं, असं श्रेणिकचं म्हणणं होतं. तिकिटं काढली. घरात डिंकाच्या लाडवांचा वास दरवळायला लागला. किती महिन्यांनी त्या घरात कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं, आणि तो धन्यकुमार होता.

एके दिवशी पद्माक्का मेतकुटासाठी डाळी भाजत असताना त्रिशला म्हणाली, "अक्का, यांना सांगा ना तुम्ही. श्रेणिक म्हणतोय, फेरी तापाची लस घेऊन या. आता तिकडच्या विमानांतही सापडायला लागलाय म्हणे. मी उद्या जाणार आहे घ्यायला. हे म्हणतात, मी नाही. तुमचं ऐकतील."

झोपाळ्यावरून धन्यकुमार हसला. "अक्का काय सांगणार? अक्कानं कुठं घेतली होती? एवढा सगळा युरोप हिंडून आली. काय झालं तिला? येताना हिरवा दिवाच लागला ना?"

कढईतली डाळ करपायला लागली होती. पद्माक्कानं गॅस बंद केला.

"धन्या, तुझा पाय सुईनं नाही गेला," ती म्हणाली. मग डॉ. बागवानांनी जसं समजावलं होतं तसं सगळं तिनं त्याला समजावलं. पोलिओ आधीच अंगात होता, थेंब मिळाले नव्हते, सगळं. वर्गात शिकवायची तशी, एकेक पायरी. तो ऐकून घेत होता, पण मुलं खिडकीबाहेर बघत ऐकतात तसा.

"डॉक्टर सुईचीच बाजू घेणार," तो शेवटी म्हणाला. "पाय माझा आहे, अक्का. विमानतळावर पट्टी आहे ना? तीत काही निघालं, तर मी आपणहून माघारी फिरेन."

पट्टीला काय दिसतं आणि काय नाही, हे त्या खोलीत फक्त पद्माक्काला माहीत होतं.

घरी जाऊन तिनं श्रेणिकला फोन लावला. तू जोर कर, असं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मी सांगून थकलो. भांडलो असतो, पण प्राचीला आत्ता घरात भांडण नको आहे. आणि त्यांना येऊ नका, असं कसं म्हणू? ती रोज दिवस मोजतेय." फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. सांगून फक्त आपलंच ओझं उतरणार, म्हणून दोन वर्षं तिनं सांगितलं नव्हतं. आता सांगायचं कारण वेगळं होतं. आता ओझं उतरणार नव्हतंच. उलट सांगितल्यावर जे काही उरलं होतं, तेही जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भावाकडे गेली. त्रिशला लस घेऊन नुकतीच आली होती, दंड चोळत होती. पद्माक्का म्हणाली, "तूही बस." मग तिनं काहीही मागंपुढं न करता सांगितलं.

"अर्हाला ताप माझ्यापासून झाला. मी वंशवेलच्या केंद्रात जाऊन विचारलं. माझी पट्टी त्यांच्याकडे होती. जहाजावर मला झाला, आणि माझ्याकडून तिला. मधे दुसरं कुणी नाही."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"मला हिरवा दिवा लागला होता, धन्या. तुलाही लागेल. मलाही काही झालं नाही, नुसता घसा बसला. तुलाही काही होणार नाही."

त्रिशलानं पदर तोंडात धरला. धन्यकुमारनं झोपाळा पायानं थांबवला, चांगल्या पायानं.

"केव्हापासून माहीत आहे?"

"ती गेली त्याच वर्षापासून."

"डोळे दाखवायला गेली होतीस तेव्हा."

"हो."

"आणि रोज येत होतीस."

"हो."

"या पायाला तेल लावत होतीस."

पद्माक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी म्हटलं होतं, मला नाव नको." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "तुझ्यासमोर म्हटलं होतं. मी त्या माणसाला क्षमा केली होती, अक्का. रोज करत होतो. सोपं नव्हतं, पण जमत होतं, कारण त्याला तोंड नव्हतं. आता तुझं तोंड आहे त्याला."

"तुला कळलं नसतं, तर तू लस घेतली नसतीस."

"नसती घेतली," तो म्हणाला. ते त्यानं कबूल केलं. मग भिंतीचा आधार घेत उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार लावून घेताना एवढंच म्हणाला, "त्रिशला, पोरांना यातलं काही सांगायचं नाही. कधीच. प्राचीला तर नाहीच."

त्रिशला पद्माक्काला फाटकापर्यंत सोडायला आली. नेहमीच्या सवयीनं तिच्या हातात मेतकुटाचा डबा होता. तो द्यावा की नाही हे तिला कळेना, आणि दोघी तो डबा मधे धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पद्माक्कानं तो हळूच तिच्याकडे ढकलला. "प्राचीला ने," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्रिशलाचा निरोप आला. दोनच शब्द होते, 'यांनी घेतली'.

*

ते निघाले त्या दिवशी पद्माक्का निरोप द्यायला गेली नाही. पुढच्या महिन्यांत ती सकाळी जैन बस्तीत दर्शनाला जायची, आणि नेहमीसारखं धन्यकुमारच्या गल्लीवरून न जाता लांबच्या रस्त्यानं घरी यायची. ओळखीचं कुणी विचारलं, की पाहुणे परदेशी गेलेत असं सांगायची. एकदा भिशीतल्या मैत्रिणीच्या लेकीला सहलीला जायचं होतं आणि लस घ्यावी का नको यावर चर्चा चालली होती. पद्माक्का म्हणाली, "घे." का, असं त्या मुलीनं विचारलं. "घे बाई," ती परत म्हणाली, आणि उठून गेली.

एका संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, हॅलिफॅक्सहून फोन आला. त्रिशला होती. मुलगा झाला होता. आता चाळीस दिवसांचा होता, छातीवर पालथा पडून मान उचलायला लागला होता. प्राची बरी होती. त्रिशला भरभर बोलत होती, मधेच हसत होती. थंडी किती, दूध किती पितो, नाक कुणाचं.

"इतक्या दिवसांत फोन नाही केला, रागावू नका, अक्का. हे घरात असले की..." ती थांबली. "आज बाहेर गेलेत श्रेणिकबरोबर."

"नाही गं, रागवायचं काय."

"ते नाही बोलणार, अक्का. मी पुष्कळ सांगून पाहिलं. तुमचं नाव काढलं की उठून जातात."

"असू दे."

"पण बाळ त्यांच्याच मांडीवर झोपतं. दिवसभर. कुणाकडे देत नाहीत. आमच्याकडे द्या म्हटलं, तर म्हणतात, मी लस घेतलीय, माझ्याकडेच राहू दे."

पलीकडून बाळाचा आवाज आला, बारीक, कुरकुरल्यासारखा. त्रिशला "आले आले" म्हणाली, आणि फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. पद्माक्का ऐकत राहिली. त्या पोराचा आवाज तिनं कान देऊन, श्वास रोखून ऐकला, फोनमधून श्वासही तिकडे जाऊ नये असा.

"ऐकताय ना, अक्का?" त्रिशला परत आली.

"ऐकतेय."

"मी पुन्हा करेन हं. जमेल तेव्हा."

"नको करू," पद्माक्का म्हणाली. "त्याला कळलं तर उठून जाईल, उगाच पोराला खाली ठेवेल."

फोन बंद झाला. बाहेर अंधार पडला होता. दिवसाचं जेवण आज राहूनच गेलं, हे तिच्या लक्षात आलं, आणि सूर्यास्तानंतर तर ती जेवत नसे. तिनं भाकरीवर ताट झाकलं, फडकं ओलं करून ओटा पुसला आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवला.